झांबेझीकाठची बोरं शॉमबर्गात

मायक्रोवेव्ह एक आणि डबे गरम करणारे पाच, असं असलं की किस्से साचतातच. शॉमबर्गच्या आमच्या ऑफिसात दोन हजार चार-पाचच्या सुमारास निम्मे साचले ते तेंदाईमुळे. ती झिंबाब्वेची, आमच्याच टीममध्ये टेस्टर. एकदा तिने डब्यातून सुकी फळं काढली. मी एक तोंडात टाकलं. चक्क बोर! तिकडे मसाऊ म्हणतात. तिची आई ती रानातून वेचून बाजारात विकायची.

जळगावच्या पाटीलने चार खाऊन निकाल दिला, "मेहरूणच्या बोरांची सर नाही, यार." आणि पाचवं उचललं.

*

मग तेंदाईने आईला कायमचं इकडे आणलं. एअरपोर्टवर रीतसर तपासून घेतलेली पिशवीभर मसाऊही आली. आता आईने उन्हात वणवण करायची नाही, हा तेंदाईचा हट्ट. आई महिन्याभरात परतीचं तिकीट मागू लागली. "इथे मला काम काय?"

मन रमावं म्हणून तिला देशी दुकानांच्या डेव्हन ॲव्हेन्यूवर नेलं. चिंचेचं पाकीट उलटसुलट करत तिने विचारलं, "हे वेचलं कोणी?"

तेंदाईने इंग्रजीत विचारलं. दुकानदार म्हणाला, "सप्लायर."

आईने विचारलं, "त्याचं रान कुठे?"

*

जानेवारीत माझ्या मुलीचं बोरन्हाण ठरलं आणि बोरं कुठेच मिळेनात. तेंदाई मसाऊ फुकट द्यायला निघाली. आईने मात्र मापून, भाव करूनच दिली. त्या दिवशी ती पहिल्यांदा हसली.

रिटायर्ड डॉक्टर कुलकर्णी काकूंनी हलव्याचे दागिने घातलेल्या लेकीच्या डोक्यावर बोरं, चुरमुरे, गोळ्या ओतल्या. आता जमलेल्या पोरांनी झुंबड करून वेचायचं. पण आमची पोरं जागची हललीच नाहीत. "ईऽऽ, इट्स ऑन द फ्लोअर." काकूंचा चेहरा उतरला. मलाही वाईट वाटलं.

तेंदाईच्या आईने आपली फळं कार्पेटवर पडलेली पाहिली आणि ती वाकली. दोन्ही हात चालू. बघता बघता कार्पेट साफ. मग तिने तिथेच बसकण मारली, खांद्यावरचं कापड पसरून त्यावर छोटे छोटे वाटे मांडले आणि आमच्या बायकांकडे बघून काहीतरी म्हणाली.

तेंदाई कानकोंडी झाली. "सॉरी, ती विचारतेय, कोणाला हवीत?"

काकू पैठणी सावरत खाली बसल्या, पर्स उघडली आणि सरळ मराठीत म्हणाल्या, "दे बाई, पण वर मूठभर घाल."

तेंदाई भाषांतर करेपर्यंत आईने मूठ घातलीसुद्धा. मागे बायकांची रांग लागली. आईने लेकीला जवळ बोलावून कानात काहीतरी विचारलं.

तेंदाई आमच्याकडे वळली. "आई विचारतेय, पुढचा बाजार कुठल्या वारी?"