घरात दोघं हजर

आम्ही नवराबायकोनं मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे हरभरा सोलणं. जानेवारीतली सकाळ होती. दौंडच्या बाजारातून मी हिरव्या हरभऱ्याच्या चार जुड्या आणल्या होत्या. तिची खाट अंगणात उन्हाला टाकली, पाठीशी दोन उशा दिल्या आणि मधे परात ठेवली. तिच्या बोटांत जोर राहिला नव्हता. माझे दहा घाटे फोडून होईपर्यंत तिचा एक व्हायचा. तरी माझ्या सोलाण्यांत हात घालून ती तपासत होती.

"ह्यात अळी आहे."

"मला न्हाई दिसली."

"दिसेल कशी? चष्मा खिशाला लावलाय."

जन्मभर वह्या तपासलेली बाई. सगळी तिला बाईच म्हणायची, म्हणून मीपण बाईच म्हणायचो. आधी चेष्टेनं, मग सवयीनं.

वाटीभर सोलाणे झाले तशी ती म्हणाली, "आमटी करा. आलं-लसूण वाटून घाला. मी दोन चमचे घेईन."

आठ दिवस तिच्या पोटात पेजेशिवाय काही गेलं नव्हतं. मी खूश झालो. माणूस किती येडं असतं. वाटी फडक्यानं झाकून चुलीजवळ ठेवली. आमटी काही मी केली नाही. दुपारी तीनच्या सुमाराला ती गेली.

मी रेल्वेत गँगमन होतो. चौथीत शाळा सोडलेली. रुळाखाली खडी ठासायची, स्लीपर बदलायचे, यातच हाडं झिजली. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. शिरूर तालुक्यात तिच्या बदल्या व्हायच्या. इनामगाव झालं, न्हावरे झालं, मधे कोरेगाव भीमा. दौंडहून एसटीनं जाऊन-येऊन करायची. आमचं लग्न जुळवणाऱ्यांनी तिच्या वडिलांना सांगितलं होतं, मुलगा ख्रिस्ती आहे, सरकारी नोकरीत आहे, दारू पीत नाही. यातलं तिसरं साफ खोटं होतं आणि पहिलं निम्मं. मी चर्चला जायचो ते नाताळला आणि कुणी मेलं तर.

लग्नाला महिना झाला नव्हता तेव्हाची एक गोष्ट सांगितली पाहिजे, तिच्यावर पुढचं सगळं आहे. रविवारी चर्चच्या उपासनेत पाळकसाहेब म्हणाले, आता आपले नवे जावई प्रार्थना करतील. मी उभा राहिलो. मोठ्या माणसासमोर बोलणं मी एकच ऐकलं होतं. रोज सकाळी आमचा मुकादम साहेबापुढं उभा राहून सांगायचा, अकरा हजर, एक गैरहजर, लाईन सेफ. मला दुसरं काही सुचलंच नाही. मी डोळे मिटून म्हणालो, "प्रभू, घरात दोघं हजर. तब्येत ठीक. लाईन सेफ. आमेन."

सगळी मंडळी हसली. पाळकसाहेब रुमालात खोकले. त्याचं मला काही वाटलं नाही, गँगमध्ये याहून वाईट हसतात. पण डोळे उघडून शेजारी बघितलं तर हिनं तोंडाला पदर लावलेला आणि खांदे हलत होते.

त्या दिवसापासून मी देवाशी तोंड उघडून बोललो नाही. तेहतीस वर्षं. आमच्या घरी जेवणाआधी प्रार्थना झाल्याशिवाय ताटाला हात लावायचा नाही, अशी तिची शिस्त. चहा असू दे नाहीतर भाकरी. ती बोलायची, मी शेवटी आमेन म्हणायचो. मुलगी लहान असताना विचारायची, पप्पा का नाही बोलत? ही म्हणायची, "पप्पांची पाळी यायचीय."

दुखणं निघालं तेव्हा तिच्या नोकरीचं दीड वर्ष राहिलं होतं. पुण्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी आम्हाला समोर बसवून सांगितलं. पोटात गाठ, लिव्हरपर्यंत गेलेली, कापून उपयोग नाही. मी फरशीकडं बघत बसलो. तिनं विचारलं, "फेब्रुवारीपर्यंत?" तिची चौथीची पोरं फेब्रुवारीत स्कॉलरशिपला बसणार होती. डॉक्टरांनी फाईल मिटली. ती म्हणाली, "मग पोरं दुसऱ्या बाईंकडं द्यायला हवीत."

परतीच्या गाडीत मी तिला म्हणालो, "तुला काहीच कसं वाटत न्हाई?"

"वाटतंय की. पण बदलीची ऑर्डर आलीय. मी कधी ऑर्डर अडवली का?"

पुढं चर्चची माणसं भेटायला यायची, तोंडं पाडून बसायची. त्यांनाही ती हेच ऐकवायची. "आत्तापर्यंत जिथं बदली झाली तिथं राहायला खोली मिळायची मारामार. या बदलीत जाण्याआधीच वर जागा तयार आहे म्हणतात. आणि एसटी नाही धरावी लागत." माणसं हसायची, मग रडायची. मला रागच यायचा. माणसं गेली की म्हणायचो, "तुला बरी हौस जायची."

"हौस नाही. भरवसा आहे."

"मला न्हाई तसला भरवसा."

"ते माहीत आहे मला. म्हणून तर काळजी तुमची आहे, माझी नाही."

दिवाळीपर्यंत ती शाळेत गेली. मग एसटीची पायरी चढवेना. दिवाळीनंतर एका सकाळी मी चहा घेऊन बसलो होतो. तिची प्रार्थना झाली, माझं आमेन झालं. ती म्हणाली, "मी गेल्यावर या घरात जेवणाआधी कोण बोलणार?"

"पाळकसाहेब येतील."

"रोज? दोन्ही वेळेला? मग जेवायलाही घाला त्यांना."

मी चहा ओढत राहिलो.

"अहो, एकदा मला ऐकू द्या. मी आहे तोवर. एवढंच मागते. बरी होण्याचं मी केव्हाच मागायचं सोडलंय."

"कशाला, हसायला?"

हे मी बोललो. मरायला टेकलेल्या बायकोला बोललो. तिनं हातातला कप खाली ठेवला. मग म्हणाली, "तेव्हा हसले ते चुकलं माझं. वर्गात कुणी कुणाला हसलं की मी त्याला उभं करायची, ते त्या दिवसामुळं. तुम्हाला सांगायचं राहिलं."

मला वाटत होतं ती विसरली असेल. मी म्हणालो, "आन् बोलू काय? मला तर त्याच्याशी भांडायचंय."

"भांडा. त्याला चालतं. पण पूर्ण वाक्यात बोला. नुसतं आमेन पहिलीतली पोरंसुद्धा म्हणतात."

मी उठून कप विसळायला गेलो.

नाताळ झाला त्या आठवड्यात दुखणं फार वाढलं. इतके दिवस ती कण्हायचीसुद्धा नाही. एका सकाळी उशी दातात धरून पडली होती. पेज पुढं ठेवली तशी नेहमीसारखे डोळे मिटले, ओठ हलले, आणि नुसतंच पाणी आलं डोळ्यांतून. म्हणाली, "आज मला शब्द येत नाहीत. तुम्ही करा."

ती थट्टा नव्हती. तेहतीस वर्षं जिचे शब्द संपले नाहीत तिचे संपले होते आणि ती माझ्याकडं बघत होती. माझ्या छातीत शब्द होते. सगळ्या शिव्या होत्या. म्हणालो, "थांब, पिशवीत गरम पाणी भरून आणतो." आणि आत गेलो. स्टोव्हपाशी उभा राहिलो, पाणी उकळून निम्मं झालं तरी उभाच. परत आलो तेव्हा तिनं एकटीनं कसंतरी केलं असावं. पेज पीत होती. मला काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

हरभरा सोलला त्या दिवशी दुपारी तिला घरात घेतलं. जरा डोळा लागला. मग म्हणाली, "मला बसवा." मी मागं बसून तिला छातीशी टेकवलं. वजन असं नव्हतंच. श्वास वरवर लागला होता. मान मागं करून तिनं माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, "करा की."

मी तोंड उघडलं. देवाशपथ उघडलं. आवाज निघाला नाही. तिनं माझ्या हातावर दोनदा थोपटलं, वर्गात अडलेल्या पोराला थोपटावं तसं. असू दे म्हणाली का बस खाली म्हणाली, मला कळलं नाही. मग श्वास थांबला. आमेन तरी म्हणायचं, तेही सुचलं नाही.

पुढचं सगळं माणसांनी केलं. पाळकसाहेब आले, प्रार्थना झाली, बायकांनी तिला पांढरी साडी नेसवली. मुलगी पिंपरीहून आली. माती दुसऱ्या दिवशी अकराला द्यायची ठरलं. बर्फाच्या लाद्या आणल्या. रात्र गेली.

सकाळी उन्हं दारात आली तेव्हा मी बाहेरच्या खोलीत तिच्या शवपेटीजवळ खुर्चीवर बसलो होतो. शेजारच्या भाभी आल्या. मुसलमान शिंप्याचं घर त्यांचं, मधे एकच भिंत, बाईचे ब्लाऊज तीस वर्षं तेच शिवत आले. आमच्यात मयत घरात असली की चूल पेटत नाही, शेजारी आणून देतात. भाभींनी ताटलीत भाकरी आणि एक वाटी आणली होती.

"आबा, दोन घास खावा. तुमची बीपीची गोळी हाय. उपाशीपोटी चक्कर यील, माती द्यायला उभं ऱ्हायचंय."

"न्हाई जात, भाभी."

"जातंय. काल चुलीजवळ सोलाणे झाकलेले दिसले. म्हनलं वाया जातील, बाईंनी हातानं सोललेले. आलं-लसूण घालून आमटी केली."

ताटली हातात घेतली. हात काही पुढं जाईना. भूक नव्हती हे खरं, पण ते कारण नव्हतं. कुणी बोललंच नव्हतं. मुलगी दारापाशी बसली होती, तिच्या ध्यानात आलं. ती म्हणाली, "पप्पा, मी करू का प्रार्थना?"

मी म्हणालो, "थांब."

ताटली मांडीवर ठेवली. उभा राहिलो तर सांडेल, म्हणून बसूनच डोळे मिटले.

"प्रभू, घरात एक हजर. एक काल तीनच्या सुमाराला तुझ्याकडं पाठवलीय. ती पोचली असंल. तिची हजेरी लावून घे. तिचे गुडघे दुखतात, लई चालवू नको. तिला शिकवायला पोरं दे, रिकामी बसवू नको. तू केलंस ते मला पटलेलं न्हाई. त्याचं मी रोज दोन टाइम बोलीन, आज माणसं हायत. बाईनं मला एवढं एकच मागितलं होतं आन् ती असताना मी दिलं न्हाई. आज बोललो, ते तिला तू सांग. या आमटीबद्दल आभार. आमेन."

मुलगी आमेन म्हणाली. भाभी आमीन म्हणाल्या.

मी भाकरी मोडली. आमटीत मीठ कमी होतं. मागितलं नाही. वाटी पुसून खाल्ली, गोळी घेतली आणि चष्मा डोळ्यांना लावून तिच्याकडं बघत बसलो.