गादीतले रुपये

पैसे मागताना लाजणारी माणसे वऱ्हाडात गावोगाव सापडतील, पण पैसे देताना लाजणारे अवघ्या मुलखात एकटे माझे मामाच. वलगावच्या शिवारात त्यांची चांगली काळी जमीन होती, अंग पहिलवानी होते, आणि बैलाला हाक मारली की ती तीन शेतांपलीकडे ऐकू जायची. पण कुणाला चार रुपये द्यायची वेळ आली की या धिप्पाड माणसाचे कान लाल व्हायचे. ते खाली बघत, धोतराच्या सोग्याशी चाळा करत आणि गाईच्या दुधाबद्दल काहीतरी बोलून निघून जात. मग दोन दिवसांनी त्या माणसाला ज्वारीच्या कणगीत, नाहीतर देवळात काढून ठेवलेल्या जोड्यात रुपये सापडत. ते कुणी ठेवले हे सगळ्या गावाला कळे. परत करायचे की कसे, हे मात्र कुणालाच कळत नसे, कारण ते विचारायला गेले की मामा शेताकडे पळत.

एकदा शेजारच्या एका विधवा म्हातारीला पाच रुपये द्यायचे त्यांच्या मनात आले. तिच्या परसात भोपळे होते. मामांनी त्यातल्या सगळ्यात मोठ्या भोपळ्याला खाच पाडली, रुपये आत सारले आणि खाच शेणामातीने लिंपून टाकली. त्यांचा हिशेब असा की म्हातारी भोपळा चिरील आणि देवाला हात जोडील. पण म्हातारीने सगळे भोपळे दुसऱ्याच दिवशी अमरावतीच्या बाजारात पाठवले. मामांना हे कळले तेव्हा ते बैलगाडी पिटाळत बाजारात पोचले. आपण कोणता भोपळा शोधतो आहोत हे सांगण्याची लाज वाटली म्हणून त्यांनी दिसतील ते सगळे भोपळे विकत घेतले. मामीने पुढे महिनाभर भोपळ्याची भाजी, भोपळ्याचे भरीत आणि भोपळ्याच्या घाऱ्या केल्या. पाच रुपये एकातूनही निघाले नाहीत. मामा म्हणाले, "जाऊ दे. ज्याले भेटले असतीन, त्यालेई लागतच असतीन."

मी सांगतो आहे ते दिवस कापसाच्या तेजीचे. दूर अमेरिकेत लढाई जुंपली होती, तिकडचा कापूस विलायतेतल्या गिरण्यांना मिळेनासा झाला होता, आणि आमच्या वऱ्हाडातल्या कापसाला कुणी स्वप्नात पाहिला नसेल असा भाव आला होता. मुंबईचे व्यापारी रोकडीच्या थैल्या घेऊन अमरावतीला उतरत. काल घोंगडी पांघरणाऱ्याच्या बैलांच्या गळ्यात आज चांदीच्या घंटा वाजत. मामांनीही त्या हंगामात एक शौक केला. त्यांनी भिंतीवरचे घड्याळ आणले. ते वाचता कुणालाच येत नव्हते. चार दिवस ते ओसरीवर टिकटिकत राहिले, मग मामांनी जेवता जेवता त्याच्याकडे रागाने पाहिले आणि म्हणाले, "हे सारखं चालूनच रायलं, पन पोचत कुठीच नाई." त्याच दिवशी घड्याळ गोठ्यात गेले. त्यांच्या पांढऱ्या खिलारी जोडीला त्याचा आवाज आवडतो, असे त्यांचे ठाम मत झाले. कुणी वेळ विचारली तर मामा आधी सूर्याकडे पाहत, मग गोठ्यात जाऊन काटे सूर्याप्रमाणे फिरवत आणि मगच उत्तर देत.

आम्ही तेव्हा अकोल्यात राहत होतो, मोर्णेकाठी, आता ज्याला जुने शहर म्हणतात त्या भागात. वडील वारले होते. घरात आई, थोरला भाऊ, मी आणि माझी बायको. मी एका कापसाच्या अडत्याकडे लिहिण्याचे काम करत होतो आणि स्वतःचा व्यापार सुरू करावा असे मनात घोळत होते. भांडवल नव्हते. आई दिवाळीला माहेरी गेली तेव्हा ती हे बोलून गेली असावी. पौषात मामा अकोल्याला आले ते माझ्या तीन महिन्यांच्या मुलीसाठी नव्या कापसाची गादी घेऊन.

मामा दोन दिवस राहिले आणि पोरगी दोन्ही दिवस रडली. गादीवर ठेवली की टाहो फोडी, उचलली की गप्प. आईने मीठ-मोहऱ्या ओवाळून दृष्ट काढली, बायकोने गुटी उगाळली. मामा ओसरीवर बसून कासावीस होत होते आणि तोंडातून अक्षर काढत नव्हते. तिसऱ्या दिवशी सकाळी गाडी जुंपल्यावर त्यांनी मला एकट्याला जवळ बोलावले. कान लाल झाले होते. बैलाच्या पाठीवरून हात फिरवत, माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "गादी उसवून पाह्य. धंद्याले लागतीन तुले. होईन तवा पाह्यजो." आणि गाडी हाकली.

गादीत चारशे रुपये होते. कलदार, चांदीचे. पोरगी बिचारी त्यांच्या गाठींवर निजत होती. आम्ही पोट धरधरून हसलो.

'होईन तवा पाह्यजो' याचा अर्थ आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतो. जमेल तेव्हा परत कर, घाई नाही, पण परत कर. ते शब्द ऐकणारा मी एकटाच होतो. घरात मी एवढेच सांगितले की मामांनी व्यापारासाठी दिले आहेत.

माझा व्यापार चालला. पुढे एके दिवशी बातमी आली की तिकडची लढाई संपली, आणि भाव असा कोसळला की गंजीच्या गंजी तशाच पडून राहिल्या. माझा माल सुदैवाने आठच दिवस आधी विकला गेला होता. मी त्याला माझी हुशारी म्हणत असे. पैसा हातात होता. आगगाडी येणार म्हणून नदीपलीकडे जागांचे सौदे होत होते आणि तिथली एक जागा मी मनाने घेऊन टाकली होती. अशा वेळी मामा पुन्हा आले. त्यांच्या मुलीचे लग्न ठरले होते, वैशाखातला मुहूर्त होता, आणि त्यांचा त्या वर्षीचा कापूस मातीमोल गेला होता.

हे सारे आम्हाला दुसऱ्यांकडून कळले. मामा स्वतः काहीच बोलले नाहीत. देताना लाजणारा माणूस मागताना काय करीत असेल, ते मी तेव्हा पाहिले. पहिल्या दिवशी त्यांनी आमच्या दाराची करकरणारी बिजागरी तेल घालून नीट केली. दुसऱ्या दिवशी विहिरीचा रहाट दुरुस्त केला आणि छपरावर चढून कौले सारखी केली. मला एकटे गाठून ते दोनदा "बापा..." म्हणाले आणि दोन्ही वेळा पुढे विचारले ते अकोल्याच्या पाण्याबद्दल. मला सगळे कळत होते. मीही पाण्याबद्दलच बोललो.

तिसऱ्या दिवशी दुपारची जेवणे झाल्यावर आईनेच विषय काढला. भावाच्या लेकीचे लग्न आहे, त्याचे चारशे रुपये आता परत द्यायला हवेत, असे तिने सरळ सांगितले. थोरला भाऊ उखडला. भावाने बहिणीच्या घरी दिलेले उसने कसे, ती तर भाऊबीज, असे त्याचे म्हणणे. आई म्हणाली की आपण भावाकडून ओवाळणीत चोळी घेतो, चारशे रुपये घेत नाही. तो म्हणाला, गादीत शिवून नातीला दिलेले ते नातीचे. दोघांचे आवाज चढले. मामा ओसरीच्या खांबाला टेकून, जणू दुसऱ्याच कुणाबद्दल बोलणे चालले आहे असे अंगणाकडे बघत होते. शेवटी आई माझ्याकडे वळली.

"गाडीपाशी तुलेच बोलावलं होतं त्यानं. काय म्हटलं होतं तवा? तू सांग."

मी मनात नदीपलीकडची जागा पाहत होतो. मी म्हणालो, "मामा म्हणाले, पोरीसाठी आणले आहेत, राहू दे."

आईने मामांना विचारले, "असं म्हटलं होतं तू?"

मामांनी माझ्याकडे पाहिले. त्या पाहण्यात राग असता तर मला बरे वाटले असते. त्यांचे कान मात्र लाल झाले होते. चोरी माझी होती आणि लाज त्यांना वाटत होती, माझ्यासाठी.

"हो," ते म्हणाले. "तसंच म्हटलं होतं म्या. पोरीचेच हायेत ते. बाई, तू काहून भांडून रायली लेकराईसंग?"

त्या दुपारीच ते गेले. मुलीच्या लग्नासाठी त्यांनी ती पांढरी खिलारी जोडी विकली. मी लग्नाला गेलो होतो. नवऱ्या मुलीला मी साडी दिली आणि लोकांनी ती साडी उलटसुलट करून नावाजली.

पुढच्याच वर्षी मी चारशे रुपये घेऊन वलगावला गेलो. मामा शेताच्या धुऱ्यावर, बांधावरच्या गवतात बसले होते. मी थैली पुढे केली तशी ते दचकले, इकडेतिकडे पाहिले, आणि मग एखादी अडचण समजावून सांगावी तशा सुरात म्हणाले, "आता कसे घेऊ बापा? तुही माय इचारीन, भावानं नातीचे पैसे काहून घेतले म्हनून. मंग तुले खरं सांगा लागन. राहू दे." मी म्हणालो, मी आईला सांगतो. ते म्हणाले, "तिले नोको सांगू. तिचा लय जीव हाय तुह्यावर." मग त्यांनी माझ्या मुलीला दात किती आले ते विचारले. मी थैली घेऊन परत आलो. खरे सांगायचे तर मला हलके वाटले, आणि त्या हलके वाटण्याची लाज मला आजही त्या खोट्याहून अधिक वाटते.

आई गेली. तिला मी काहीच सांगितले नव्हते. तिच्यामागून दोन वर्षांनी मामाही गेले. त्यांच्या तेरवीच्या दुसऱ्या दिवशी मी वलगावला मामीसमोर थैली ठेवली. मामेभाऊ, त्याची बायको, लग्न झालेली मामेबहीण, सगळी बसली होती. मामीने थैलीला हात लावला नाही. तिने विचारले, "हे कायचे? मदत म्हनून देत असशीन तं नोको. आमाले काही कमी नाई."

मदत म्हटले असते तर तिने हात जोडून परत केले असते आणि मी पुन्हा सुटलो असतो. मी सगळ्यांदेखत सांगितले की हे देणे आहे, मामांनी उसने दिले होते, आणि त्या दिवशी आईसमोर मी खोटे बोललो होतो.

मामीने थैली उचलून मांडीवर घेतली. मग म्हणाली, "त्याईनं मले सांगतलं का, म्याच राहू दे म्हनून बोलून बसलो, माह्याच तोंडाची चूक. आठ वर्सं मी त्याईले बोलत रायली रे. लग्नात पोरीले काही घालता आलं नाई म्हनून. जेवता जेवता बोलली, मानसाईत बोलली. एक दिवस उलटून नाई बोलले."

तिने पदर डोळ्यांना लावला. मामेभाऊ उठून बाहेर गेला. मी तिथेच बसून राहिलो, कारण उठून जाण्याचा हक्क मला नव्हता.

मग मामीने मला जेवायला थांबवले. पिठले-भाकरी होती. वाढता वाढता तिने विचारले की तेव्हा अकोल्याला तीन दिवस ते काय करत होते, काय बोलत होते. मी सांगितले. तिने म्हटले, पुन्हा सांग. मी पुन्हा पहिल्यापासून सांगू लागलो, माझा भाग न गाळता, आणि ती वाढायचे थांबवून, भाकरी हातात तशीच धरून ऐकत राहिली.