कंगवा मॅडम

हात रिकामे असले की कंगवा मॅडमचं डोकं चालत नसे. मीटिंग सुरू झाली की त्या शेजारच्या दोघांच्या गळ्यातली ओळखपत्रं मागून घ्यायच्या, स्वतःचं तिसरं त्यात मिळवायच्या आणि तीन दोऱ्यांची वेणी घालायला लागायच्या. मीटिंग संपल्यावर आपापलं ओळखपत्र सोडवून घेण्यात आमची पाच मिनिटं जायची. फोनवर बोलताना फोनची वायर, विचार करताना जॅकेटच्या नाड्या, काहीही चालायचं. त्यांच्या टेबलामागच्या केबल्स तर इतक्या सुबक विणलेल्या होत्या की एकदा केबल बदलायला आलेला माणूस कपाळाला हात लावून खालीच बसला.

हे नाव आम्ही ठेवलेलं. २००१ च्या अखेरीस मी नागपूरहून परदेशात, पार्सिपनीच्या एका सॉफ्टवेअर कंपनीच्या ऑफिसात आलो तेव्हा तिथे आम्ही सहा-सात मराठी पोरं होतो, आणि मराठी पोरं जमली की बारसं आपोआप होतं. मॅडमच्या टेबलावर पेनांच्या भांड्यात लांब, टोकदार दांडीचा कंगवा कायम उभा असायचा. माझा रूममेट सुहास पुण्याचा. त्याने पहिल्याच आठवड्यात काम उरकून टाकलं. मॅडम पन्नाशीच्या, उंच, कृष्णवर्णीय. प्रोग्रॅमिंगमध्ये आम्हा सगळ्यांच्या आई शोभतील इतक्या जुन्या. डोक्यावर कपाळापासून मानेपर्यंत गेलेल्या, कातडीला घट्ट चिकटलेल्या बारीक वेण्यांच्या ओळी. दर तीन आठवड्यांनी त्या ओळींची नक्षी बदलायची, आणि त्या सोमवारी आम्ही पोरं कॉफी घ्यायच्या निमित्ताने त्यांच्या टेबलावरून दोन-दोन चकरा मारायचो.

या वेण्यांना कॉर्नरो म्हणतात, मक्याच्या ओळी. मी एकदा धीर करून म्हणालो की आमच्याकडे अशीच सागरवेणी घालतात, फक्त एकच, आणि जरा सैल. झालं. त्यांनी तीन दोऱ्या माझ्या हातात दिल्या आणि घालून दाखव म्हणाल्या. ताई शाळेत जाताना रिबीन धरून उभं राहणं एवढाच माझा या क्षेत्रातला अनुभव. मग पाच पेडांची वेणी कशी घालतात ते विचारायला मी फोनकार्ड घेऊन नागपूरला आईला फोन लावला. आई काळजीने म्हणाली, "तिकडे तुला हेच काम दिलंय का रे?"

मॅडमचं माहेर म्हणा, आजोळ म्हणा, सगळं साउथ कॅरोलायनातलं. रविवारी दुपारी आजी ओसरीवर बसायची आणि घरातल्या सगळ्या मुली एकेक करून तिच्या गुडघ्यांत. त्या आजीकडून ऐकलेलं त्या सांगायच्या. पश्चिम आफ्रिकेत बाईच्या वेण्या बघून ती कुठल्या कुळातली, लग्न झालेली की सुतकातली, हे कळायचं. गुलाम करून जहाजावर चढवताना म्हणून तर आधी डोकी भादरली. त्या जहाजांनी नेऊन सोडलेल्या बेटांवर उसाच्या मळ्यात राबलेले लोक याच वेण्यांना उसाच्या ओळी म्हणतात. पळून जायच्या वाटांचे नकाशे वेण्यांत लपवत असत, असं सुहासने कुठेतरी वाचलं होतं. त्याने मोठ्या उत्साहाने ते मॅडमना ऐकवलं. त्या म्हणाल्या, "असेलही. माझ्या आजीने मला तसं सांगितलं नाही. जे आजीने सांगितलं नाही, ते मी पुढे सांगत नाही."

याच आजीचा दुसरा एक नियम त्या कडक पाळायच्या. कुठलीही नक्षी शिकवताना ती कुणाची हे आधी सांगायचं आणि मग पहिली बट उचलायची. ही माझ्या मावशीची, ही चर्चमधल्या अमुक बाईंची, ही माझी. शनिवारी त्या तिथून अर्ध्या तासावरच्या एका गावातल्या लायब्ररीत मुलींना गणित शिकवायच्या. मीही गाडीतून खोकी उतरवून द्यायला म्हणून जायला लागलो. तिथे दहा वर्षांची पोरगीसुद्धा फळ्यापुढे उभी राहून आधी नाव घ्यायची, मगच खडू हातात धरायची.

गणित तेही वेण्यांचंच. ओळीतला प्रत्येक विळखा म्हणजे आधीच्या विळख्याची नक्कल, त्या सांगायच्या. फक्त थोडी पुढे सरकलेली, थोडी वळलेली, थोडी लहान झालेली. किती पुढे, किती वळून, किती लहान, हे तीन आकडे ठरवा, की पहिल्या विळख्यातून अख्खी ओळ निघते. पोरी आकडे बदलून कागदावर काढून बघायच्या. वळण थोडं वाढवलं की सरळ ओळीचा शंख व्हायचा आणि मग पोरींचा नुसता गलका. मी हे सगळं इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला पाठ करून पेपरात लिहिलं होतं, मार्कही मिळवले होते. समजलं मात्र त्या लायब्ररीत, दहा वर्षांपुढच्या एकाही माणसाने ज्यावर बसू नये अशा इवल्या खुर्चीवर बसून.

एकदा मी हुशारी करायला गेलो. ग्राफपेपरवर समान अंतराच्या सोळा ओळींची नक्षी आखली आणि मॅडमपुढे ठेवली. त्यांनी सरावाचं प्लास्टिकचं डोकं काढलं आणि कंगव्याच्या टोकाने माझ्या नक्षीप्रमाणे भांग पाडायला सुरुवात केली. कपाळाशी सोळा ओळी ऐसपैस बसल्या. मानेपाशी येईपर्यंत त्यांची अशी गर्दी झाली की शेवटच्या चार ओळींना जागाच उरली नाही. पोरी खुदुखुदु हसत होत्या. "डोकं गोल असतं," मॅडम म्हणाल्या. "आधी डोकं बघ, मग भांग पाड, वेणीचं सगळ्यात शेवटी." केसांचा भाग मोठा घेतला तर एका वेणीवर फार भार येतो, केस मुळापासून तुटतात. म्हणून सगळी अक्कल भांग पाडण्यात, असं त्यांचं म्हणणं होतं.

२००३ साली ऑफिसात कुणाचंच चित्त थाऱ्यावर नव्हतं. दर शुक्रवारी कुणीतरी खोक्यात सामान भरून बाहेर पडायचं. नोकरी गेली की व्हिसा गेला, त्यामुळे आम्ही शुक्रवारी जेवायलासुद्धा एकत्र जायचो नाही. घोळका दिसू नये म्हणून. अशात एक मोठं काम आलं. घरोघर पार्सल पोचवणाऱ्या एका कंपनीला आपल्या ड्रायव्हरांमध्ये सगळा मुलूख वाटून हवा होता. आम्ही नकाशावर चौकोन पाडले. शहरातला ड्रायव्हर मेटाकुटीला आणि डोंगराकडचा झोपा काढतोय, असं दर वेळी उत्तर यायचं. मॅडमनी आमचे चौकोन पुसले आणि नकाशाचं डोकं केलं. दाट वस्तीच्या मध्यापासून पहिला भाग, पुढचा त्याचीच नक्कल, जरा वळलेला, वस्ती विरळ होईल तसा मोठा. सहा आठवड्यांत त्यांनी तो प्रोग्रॅम लिहिला. आम्ही फक्त तपासला.

क्लाएंटला तो दाखवायचा दिवस ठरला आणि मॅनेजरने मॅडमना खोलीत बोलावलं. बाहेर आल्या तेव्हा त्यांचे हात पहिल्यांदाच नुसते लोंबत होते. क्लाएंटसमोर उभं राहायचं तर केस 'प्रोफेशनल' हवेत, वेण्या सोडून या, असं सांगितलं होतं. त्या नाही म्हणाल्या होत्या.

मी त्यांच्यामागे पार्किंगपर्यंत गेलो आणि मला फार शहाणपणाचं वाटलेलं ते बोललो. एका दिवसाचा तर प्रश्न आहे, सोडा, नंतर पुन्हा घाला. मीसुद्धा इंटरव्ह्यूच्या आदल्या दिवशी कुणाच्या तरी सल्ल्याने मिशी काढली होती, दोन मिनिटांचं काम, मला काहीच वाटलं नाही. आमच्यातलं कुणीही त्यांना हेच सांगितलं असतं. व्हिसावर आलेला माणूस आधी मान हलवतो, मग प्रश्न ऐकतो.

मॅडम गाडीचं दार उघडं धरून उभ्या होत्या. "तू इथे पाहुणा आहेस, म्हणून घाबरतोस. ते मला कळतं," त्या म्हणाल्या. "मी इथलीच आहे. मीही पाहुण्यासारखं वागायचं का?"

दुसऱ्या दिवशी मॅनेजरने ते प्रेझेंटेशन मला दिलं. मी नाही म्हणालो नाही. प्रेझेंटेशनच्या आदल्या संध्याकाळी मी मॅडमना फोन केला आणि काही अडलेलं विचारलं. त्यांनी तासभर, न चिडता, एकेक पायरी समजावून सांगितली. त्यांना घरूनच काम करायला सांगितलं होतं. सकाळी खोलीत गेलो, पहिली स्लाइड लावली. तिच्यावरचं त्यांचं नाव काढून मॅनेजरने माझं घातलं होतं. समोर आठ माणसं होती आणि मी त्यांना गुड मॉर्निंग म्हणून सुरुवात केली. छान झालं प्रेझेंटेशन. सगळ्यांनी माझे हात हातात घेऊन अभिनंदन केलं, आणि शुक्रवारी माझी नोकरी शाबूत होती.

मॅडमनी महिन्याभरात राजीनामा दिला आणि एका शाळेत गणित शिकवायला लागल्या. शेवटच्या दिवशी मी खोकं उचलून गाडीपर्यंत नेलं. काय बोलावं ते चार दिवस आरशासमोर घोकलं होतं. सॉरी एवढा एकच शब्द बाहेर आला. त्यांनी माझ्या हातातून खोकं घेतलं.

"संदीप, मला नको सांगूस. ते काम कुणाचं आहे हे मला माहीत आहे. ज्यांना माहीत नाही, त्यांना सांग."

मी सांगितलं नाही. आधी व्हिसा वाढवायचा होता. मग लग्न झालं, ग्रीन कार्डचा अर्ज त्याच कंपनीतून गेला, तो मिळेपर्यंत तोंड उघडणं परवडणारं नव्हतं. त्या प्रोग्रॅमच्या जिवावर मला बढती मिळाली. दर तीन महिन्यांनी मी त्याच क्लाएंटकडे जायचो, त्याच आठ-दहा माणसांपुढे बोलायचो आणि परत येताना गाडीत रेडिओ मोठा लावायचो. सुहास म्हणायचा, "यार, किती दिवस हेच? फर्गेट करून टाक ना. त्या पण विसरल्या असतील." मला झोप लागायची, भूक लागायची, सगळं व्यवस्थित होतं. फक्त कुठेही दहा मिनिटं निवांत बसवत नसे.

२००८ मध्ये ग्रीन कार्ड आलं. बायकोने शिरा केला. मी बशी बाजूला सारली, कारण आता न सांगायला कुठलंही कारण शिल्लक नव्हतं. मॅडम तोवर साउथ कॅरोलायनाला परत गेल्या होत्या, एवढं लायब्ररीत कळलं होतं.

पुढच्याच आठवड्यात क्लाएंटकडे मीटिंग होती. मी उभा राहिलो आणि म्हणालो की पाच वर्षांपूर्वी इथे जे मी माझं म्हणून दाखवलं, ते माझं नव्हतं. ज्यांचं होतं त्यांचं नाव सांगितलं. मॅनेजर लॅपटॉपमध्ये बघत राहिला. क्लाएंटच्या वाहतूक विभागाचे प्रमुख, स्वतः वीस वर्षं ट्रक चालवून वर आलेले गृहस्थ, यांनी चष्मा काढला आणि माझ्याकडे बघितलं.

"आम्हाला माहीत आहे," ते म्हणाले. "ती बाई आठवडाभर आमच्या ट्रकमध्ये ड्रायव्हरच्या शेजारी बसून हिंडली होती. तू पहिल्यांदा बोलायला उभा राहिलास तेव्हा आम्ही वाटच बघत होतो, आता तिचं नाव घेशील म्हणून."

मी खाली बसलो. पाच वर्षं त्या माणसांनी दर तीन महिन्यांनी माझं बोलणं शांतपणे ऐकून घेतलं होतं, कॉफी विचारली होती, दारापर्यंत सोडायला आले होते. आणि मला वाटत होतं की मी काहीतरी लपवतोय. त्या दुपारी वाटली तशी लाज मला आयुष्यात कधी वाटली नाही, आणि ती अजून गेलेली नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांना सांग, असं मॅडमनी बजावलं होतं. त्या खोलीत तसं कुणी नव्हतंच. तुम्हाला मात्र माहीत नाही. त्यांचं नाव ओलेटा टिलमन.