न खेळलेला सामना

सरांची नोकरी मी घालवली. लोक म्हणतात सरकारने घालवली. खरं तर ती आमच्या चळवळीच्या एका पत्रकामुळे गेली. ते पत्रक मीच लिहिलं.

सर कळसाडीचे. घरी कापूस, ऊस, भाऊबंद. ते सगळं सोडून रेल्वेने अर्ध्या दिवसावरच्या एका कॉलेजात बारा वर्षं फुटबॉल शिकवत होते. प्राचार्यांना बूटवाली, इस्त्रीवाली पोरं हवी असत. सरांनी मोलगीकडचा एक डोंगरातला पोरगा कॉलेजात आणला आणि गोलात उभा केला. तीन वर्षं तोच गोलकीपर. प्राचार्यांनी त्याला बजावलं होतं, पुन्हा न सांगता गावी गेलास तर नाव काढून टाकीन.

त्या वर्षी होळीच्या सुमाराला नंदुरबारात पोलिसांच्या संघाशी सामना ठरला. गोलकीपरने होळीचा नवस केला होता. नवस केलेल्याने ते दिवस डोंगरातच काढायचे, खाटेवर बसायचं नाही, अंघोळ नाही, पायात वहाण नाही. प्राचार्यांनी रजा दिलीच नसती. सरांनी त्याला स्वतः गाडीत बसवून दिलं, हजेरीत 'सरावासाठी बाहेर' असं लिहिलं आणि सामना रद्द केल्याची तार ठोकली. कारण दिलं नाही. त्याच्या जागी दुसऱ्याला उभं करायचं त्यांच्या मनात आलं नाही, इतकंच.

मला यातलं काही ठाऊक नव्हतं. ठाऊक करून घ्यायची गरजही वाटली नाही. तार वेळेत पोचली नव्हती; आमच्या मोर्चावर लाठ्या चालवणारे पोलीस नंदुरबारच्या मैदानावर बूट घालून ताटकळत बसलेले पाहिले आणि संध्याकाळच्या आत पत्रक तयार. 'ज्या हातांनी लाठ्या चालवल्या, त्या हातांशी आमची पोरं हात मिळवणार नाहीत,' असं सर म्हणाले, असं मी लिहिलं. सर कधीच काही म्हणाले नव्हते. बाजारात पत्रकं हातोहात गेली. मोठ्या कार्यकर्त्यांनी पाठ थोपटली.

एक प्रत प्राचार्यांच्या टेबलावर पोचली. त्यांनी सरांना सांगितलं, हे खोटं आहे असं लिहून द्या आणि सामना का रद्द केला तेही लिहा, नाहीतर जा. खरं कारण लिहिलं असतं तर सर वाचले असते आणि पोरगा गेला असता. सर बाहेर पडले.

हे मला त्यांच्याच एका खेळाडूने सांगितलं. तडक कळसाडीला गेलो. सर कापसाच्या पऱ्हाट्या उपटत होते.

"पत्रक झकास शे, भाऊ," ते म्हणाले. "फक्त त्यामा मी कोठेच नही."

मी म्हणालो, "उद्याच प्राचार्यांकडे जातो. मी खोटं लिहिलं असं सांगतो. मग अटक झाली तरी चालेल."

"तुले अटकनी भलती हौस शे." त्यांनी पऱ्हाटी बांधावर फेकली. "तू खोटं लिखं असं सांगशी, मंग ते इचारतीन, खरं काय? मंग?"

मीही वाकून एक पऱ्हाटी उपटायला घेतली.

"त्या पोऱ्यानी परीक्षा व्हवू दे. तवलोंग गप ऱ्हाय. तुले जमत नही, पन ऱ्हाय."

परीक्षेपर्यंत मी गप्प राहिलो. आयुष्यात एवढं अवघड काम केलं नाही, आणि त्यासाठी कुणी पाठ थोपटली नाही. पोरगा पास झाला. त्यानंतर मी प्राचार्यांना सगळं लिहून पाठवलं. उत्तर आलं नाही. जागेवर दुसरा माणूस घेतला होता. आणखी दोन कॉलेजांत सरांनी अर्ज केले. तिथे माझं पत्रक त्यांच्याआधी पोचलं होतं. चळवळवाला माणूस नको, म्हणाले.

सर आता शेतीच करतात. चळवळीच्या सभेला त्यांना बोलावलं, ते आले नाहीत. त्या सभेत वक्त्याने त्यांचं ते वाक्य म्हणून दाखवलं, टाळ्या पडल्या. मी मंचावर होतो. उठून सांगायला हवं होतं. उठलो नाही, म्हणून हे लिहितो आहे.