ढालीसाठी घरजावई

“सोडा त्याला! अरे सोडा, जावय हाय आमचा!”

असं ओरडत माझे वडील चालू सामन्यात मैदानात शिरले, तेव्हा मी उंबराच्या फांदीवर बसलो होतो. माझी तेव्हा एकच इच्छा होती, की ही फांदी तुटावी आणि मी खाली पडून बेशुद्ध व्हावं. फांदी तुटली नाही. ऐन वेळी साथ द्यायची आमच्याकडं झाडांनासुद्धा सवय नाही.

दोष आबांचा नव्हता. तो जावई त्यांना मीच आणून दिला होता, आणि तोसुद्धा कबड्डीच्या ढालीसाठी. लोक बहिणीचं लग्न जमीन बघून लावतात, घराणं बघून लावतात. ढाल बघून लावणारा भिवंडी तालुक्यात मीच पहिला.

आणीबाणीच्या आदल्या वर्षीची गोष्ट. आमचं गाव खाडीच्या अंगाला, भिवंडीपासून सायकलनं अर्ध्या तासावर. (सायकलला ब्रेक असतील तर पाऊण तास.) भात झोडून झालं, पेंढा रचून झाला, की आमच्याकडं कबड्डीचा मोसम लागायचा तो थेट शिमग्यापर्यंत. दर रविवारी सामना. कधी मानकोलीला, कधी दापोड्याला, आणि शेवटचा जत्रेच्या मैदानात. जिंकणाऱ्या गावाला ढाल मिळायची. लाकडाची ढाल, वर पितळेचा पत्रा, पत्र्यावर सिंह. लांबून तो सिंह मांजरासारखा दिसे. जवळून कसा दिसे ते तेव्हा सांगता येत नव्हतं, कारण जवळून ती ढाल आमच्या गावानं कधी पाहिलीच नव्हती.

सात वर्षं आम्ही हरत होतो. एका वर्षी ऐन मोसमात कप्तान गणपतदाला कांजिण्या आल्या. एका वर्षी सगळा संघ ताजी ताडी पिऊन मैदानात उतरला, आणि आमचा चढाईला गेलेला गडी समोरच्यांच्या गळ्यात पडून रडायला लागला. (पंचांनी त्यालाच बाद दिलं. खरं तर त्यानं त्यांच्या सातही जणांना मिठी मारली होती, तेव्हा सातही बाद व्हायला हवे होते. ही तक्रार आम्ही लेखी दिली आहे.)

मी स्वतः खेळत नव्हतो. माझी छाती बघून गणपतदा म्हणाला होता, “नाम्या, तू बघायचं काम कर.” ते काम मी जिवापाड करत होतो. मोसमभर अंगात एकच सदरा. धुवायचा नाही, नाहीतर नशीब धुऊन जातं. शिमग्यापर्यंत तो सदरा खुंटीशिवाय उभा राहायला लागे. मी शहरात लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, कामाला होतो, आणि रविवारची ड्युटी लागली की मास्टरला सांगायचो, गावात मयत झालंय. दोन मोसमांत मी सगळी भावकी मारली. तेव्हा मास्टर म्हणाला, “नामदेव, तेरे गाव में अब बचा कौन? कबड्डी कौन खेलता है?”

तर अशा भक्ताला दामू दिसला.

दामू वडप्याच्या बाजूचा, त्यांच्या संघातून खेळायचा. विजेचा खांब चालायला लागला तर जसा दिसेल तसा. त्याचा दम म्हणजे काय सांगावं? तो चढाईला निघाला की बघणाऱ्यानं विडी पेटवावी, ओढून संपवावी, दुसरी मागून घ्यावी, आणि याचं कबड्डी कबड्डी चालूच. सहा जण अंगावर घेऊन तो मधल्या रेषेपर्यंत यायचा, जसा बैल गवताचा भारा आणतो. पण स्पर्धेचा नियम कडक होता. खेळाडू त्याच गावात राहणारा हवा. पाहुणा चालणार नाही, भाचा चालणार नाही. घरजावई मात्र चालेल, कारण तो राहतोच तिथं.

हा नियम गणपतदानं मला वाचून दाखवला. मग त्यानं विचारलं, “तुझी कुसुमताय किती वर्सांची रं?”

माझी मोठी बहीण. माझ्याहून एका वर्षानं मोठी आणि तोंडानं दहा वर्षांनी.

आबा ओट्यावर जाळं दुरुस्त करत बसले होते. मी जाऊन शेजारी बसलो.

“आबा, एक स्थळ हाय.”

“काय करतो?”

“लूमवर हाय. माझ्यासारखाच.”

“मंग नको.”

“माझ्यासारखा म्हंजे... तो काम करतो.”

“बोलायला कसा?”

“बोलतच न्हाय.”

आबांनी जाळं बाजूला ठेवलं. आमच्या घरात न बोलणाऱ्या माणसाची फार टंचाई होती.

“व्यसन?”

“सुपारी न्हाय खात. चार भाव हायत, जमीन टिचभर. लूम सोडून आपल्याकडं राहील. मी शहरात, तुमाला शेतावर माणूस होईल.”

तो रविवारी काय करतो, हे आबांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. खोटं म्हणून मी एक शब्द बोललो नाही. (खरं बोललो नाही ही गोष्ट वेगळी.)

मग ताईला विचारलं. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “तुमी म्हणाल तसं.” शेजारणीशी मोरीच्या पाण्यावरून चार वर्षं भांडणारी ही बाई जन्मात कोणाला ‘तुम्ही म्हणाल तसं’ म्हणाली नव्हती. याचं सगळं श्रेय मी माझ्या बोलण्याला दिलं.

मोसम लागायच्या आत लग्न झालं. हळदीला सगळं गाव नाचलं. वऱ्हाडाला वाटलं, काय या लोकांचं पोरीवर प्रेम. आम्ही ढालीसाठी नाचत होतो.

लग्नानंतर पाचव्या दिवशी गणपतदा दामूला सरावाला न्यायला आला. आबांनी विचारलं, “हा खेळतो?”

“थोडं थोडं,” मी म्हटलं.

“लागतं काय यात?”

“छे. हसतखेळत असतंय.”

इथून पुढं आमची मोठी अडचण सुरू झाली. आम्ही गावात चढाईवाला आणला होता, पण गावानं बघितला तो जावई. पहिल्याच सरावात दामू चढाईला गेला तर समोरचे सातही जण आदरानं मागं सरकले. एकानं डोक्यावरची टोपी नीट केली.

“धरा की त्याला,” गणपतदा ओरडला.

“कुठं धरू?”

“पाय धर पाय.”

“गणपतदा, जावयाचा पाय आमी लग्नात धरला, धुवायला. आता मातीत वढायला कसा धरू?”

महिनाभर सराव असाच चालला. दामू यायचा, शिवायचा, जायचा, आणि शिवलेला माणूस नमस्कार करून बाहेर बसायचा.

दुसरी अडचण जेवणाची. नवा जावई म्हटल्यावर भावकीतल्या प्रत्येक घरानं त्याला जेवायला बोलवायचं, ही आमच्याकडची रीत. भावकीत घरं एकेचाळीस. (मास्टरच्या हिशेबानं सगळी मेलेली.) एका घरी कोंबडी-वडे, दुसऱ्या घरी चिंबोऱ्या, तिसऱ्या घरी मटण, आणि जिथं काही नाही तिथं तांदळाच्या भाकरीवर तूप. दामू संस्कारी माणूस. सासरवाडीत ताटाला नाही म्हणायचं नाही, असं त्याच्या आईनं सांगून पाठवलं होतं. गणपतदानं त्याला किराणा दुकानातल्या तांदळाच्या काट्यावर उभा केला आणि मटकन खाली बसला.

मी आईच्या पाया पडलो. “आई, त्याला कमी वाढ. दम लागंल त्याला.”

“जावयाला कमी वाढू? उद्या गाव माझ्या तोंडात शेण घालंल.”

आणि तरीही आम्ही जिंकत होतो! दुसऱ्या गावांचा तो जावई नव्हता, त्यामुळं ती गावं त्याला बिनधास्त धरायची. पण धरून करणार काय? आता तो बैल राहिला नव्हता, भरलेला ट्रक झाला होता. सहा जण लोंबकळायचे आणि हा त्यांना घेऊन सावकाश घरी यायचा. पहिला सामना जिंकलो, दुसरा जिंकलो, तिसरा जिंकलो. माझा सदरा उभा राहायला लागला. मला झोपेत मांजरासारखा सिंह दिसू लागला. देवळात ढाल कुठं टांगायची ती खिळ्याची जागासुद्धा मी आणि गणपतदानं ठरवली, आणि नुसती ठरवली नाही, खिळा ठोकून आलो.

शेवटचा सामना जत्रेच्या दिवशी. एरवी आबा सामन्याला येत नसत. पण जत्रेला आले होते, नारळ फोडून झाला होता, आणि आई म्हणाली, “जावयबापू खेळतात, जरा बघून तरी या.” आबा ऊन लागू नये म्हणून छत्री उघडून दोरीजवळ उभे राहिले. मी उंबरावर चढलो. बायका पलीकडच्या बांधावर बसल्या होत्या, त्यांत ताई होती.

सामना काय झाला ते सविस्तर सांगण्याची ताकद माझ्यात आजही नाही. थोडक्यात सांगतो. गुण सारखे. शेवटची चढाई. चढाईला दामू. आमच्या गावाचा श्वास बंद.

दामू गेला. एकाला शिवला. लगेच पाच जणांनी त्याला धरलं, दोघांनी पाय, दोघांनी कंबर, एक मानेवर. दामू आडवा पडला, पण दम चालूच होता. कबड्डी कबड्डी करत तो मातीतून इंच इंच सरकत होता. हात पुढं पसरलेला, आणि मधली रेषा बोटांपासून वीतभर अंतरावर. एक वीत! सात वर्षं आणि एक वीत!

तेव्हाच आबांनी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं, की आपल्या जावयाला पाच माणसं मातीत लोळवतायत आणि सगळं गाव टाळ्या वाजवतंय.

ओरडत ते दोरी ओलांडून आत शिरले, ते सुरुवातीला सांगितलंच. पुढचं ऐका. त्यांनी कोणाला हात लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं, पंचांनी चढाई परत दिली असती. आबा नुसते रेषेजवळ जाऊन उकिडवे बसले, दामूच्या तोंडावर छत्रीची सावली धरली आणि मायेनं विचारलं, “जावयबापू, लागलं काय?”

झाडावरून मी, मैदानातून गणपतदा, आणि बांधावरून निम्मं गाव एकाच आवाजात किंचाळलो, “बोलू नको!”

पण सासऱ्यानं विचारलंय. वडीलमाणसानं विचारलेल्याला उत्तर द्यायचं, हेही आईनंच सांगून पाठवलं होतं. लग्नापासून दामूच्या तोंडून मी एकूण अकरा शब्द ऐकले होते. त्यानं कबड्डी कबड्डी थांबवलं, मातीतून तोंड वर केलं आणि स्पष्ट आवाजात म्हणाला,

“न्हाय आबा. तुमी सावलीत बसा.”

शिटी वाजली. दम गेला, गडी बाद, सामना संपला.

गणपतदा पंचांच्या अंगावर धावून गेला. “बाहेरचा माणूस आत आला, ही चढाई धरायची न्हाय.”

पंच शहरातले शाळामास्तर होते. वहीत बघत म्हणाले, “माणूस तुमच्याच गावचा. बोलला तोही तुमच्याच गावचा. आमचा यात काय संबंध?”

ढाल समोरच्यांनी आमच्या डोळ्यांदेखत नेली. माझ्या फांदीखालूनच नेली. जवळून तो सिंह खरंच मांजरासारखा होता.

घरी येताना आबा जाम खुशीत होते. जावयाला काही लागलं नव्हतं. आईनं दामूला दोन भाकऱ्या जास्त वाढल्या, मार खाऊन आला म्हणून. जेवून तो पडवीत आडवा झाला आणि घोरायला लागला. घोरण्यातसुद्धा काय दम होता हो. मला ते ऐकवेना.

मी मागच्या दारी गेलो. ताई भांडी घासत होती. ढाल तर गेलीच, वर बहिणीला आपण एखाद्या बक्षिसासारखं वापरलं, हे पाप कुठं फेडू? आता सगळं कबूल करायचं आणि ती फेकेल ते भांडं सोसायचं, असं ठरवून मी तिच्यासमोर बसलो.

“ताय, मला माफ कर. तुझं लगीन मी ढालीसाठी जमवलं. दाजी आपल्या गावाकडनं खेळावा म्हणून. आबांनापण फसवलं, तुलापण फसवलं.”

ताईनं तांब्या विसळून पालथा घातला. मग दुसरा घेतला.

“मी दोन वर्सं त्यालाच बघायला सामन्याला येत व्हते,” ती म्हणाली. “सरक, पाणी सांडतंय.”