व्याह्यांच्या फोनवरचं नाव

आमच्या व्याह्यांच्या वस्तूला हात लावील असा चोर मराठवाड्यात जन्मलाच नाही, असं त्यांचं ठाम मत आहे. या मताचा आधार म्हणजे भांड्यांवर नाव घालायची मशीन. लोक तांब्या-परातीवर नाव घालून थांबतात. अहमदपूरचे आमचे अप्पा थांबत नाहीत. त्यांची छत्री, अडकित्ता, चष्म्याची डबी, सायकलची घंटी, सगळ्यांवर टिंबाटिंबांनी पूर्ण नाव आणि गाव आहे. कुलपावर आहे आणि किल्लीवरही आहे. एका लग्नाच्या पंगतीत त्यांनी वाढप्याच्या हातातला डाव उलटा करून वाचला आणि वरण गळत असतानाच "आमचाय" म्हणून घरी नेला.

अशा माणसाला माझ्या मुलीनं, मंगलनं, पुण्यातल्या नोकरीच्या पहिल्या पगारातून स्मार्टफोन दिला. मी तिचा बाप. लातुरात हातगाडीवर नळाचे पाईप विकून दुकान उभं केलं, तिला शिकवलं, आणि मला मिळाला शर्टपीस. तो मी अजून शिवलेला नाही. पण व्याह्यांना तोंडावर बोलता येत नाही, म्हणून सगळं मनातच बोलून घेतलं.

अप्पांनी दुसऱ्याच दिवशी फोन भांड्यांच्या दुकानात नेला आणि पाठीवर नाव, गाव आणि त्याच फोनचा नंबर घालून घेतला. मी म्हणालो, "अप्पा, हा चोरीला गेला तर त्या नंबरवर चोरच बोलंल की."

अप्पा शांतपणे म्हणाले, "नाव वाचून लाजंल तो."

चोर लाजला नाही. अहमदपूरच्या स्टँडवर नांदेडच्या गाडीत चढताना फोन गेला. अप्पा घरी न जाता लातूरची गाडी धरून थेट माझ्या दुकानात आले. चहाला हात लावला नाही.

"पाव्हणं, मंगलला कळू देऊ नका. लेकरानं पहिल्या पगाराचं आणलं अन् म्हाताऱ्याला संभाळता आलं न्हाई, असं वाटंल तिला."

मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. पुण्याला एक फोन केला की माझं गाऱ्हाणं फिटणार होतं. पण समोर व्याही मान खाली घालून बसलेले. मी शिव्या चोराला घातल्या आणि कामाला लागलो. पोलिसांना फोनच्या खोक्यावरचा लांबलचक नंबर हवा होता. खोक्यात अप्पांनी विभूती भरलेली. ती झटकून तक्रार दिली. जुनं सिम बंद केलं, त्याच नंबरचं नवं काढलं आणि दुकानातल्या जुन्या बटणाच्या फोनच्या डबड्यात घालून त्यांच्या हाती दिलं.

काही दिवसांनी त्या डबड्यावर नांदेडहून जुने मोबाईल घेणाऱ्या एका चाचांचा फोन आला. कुणीतरी फोन विकायला आणला होता. चाचांनी पाठ बघून विचारलं, "मियाँ, ये मोबाईल है या किसी के घर का बर्तन?" तो माणूस फोन तिथंच टाकून पळाला. पाठीवरच्या नंबरवर चाचांनी फोन लावला.

पोलिसांना कळवून आम्ही दोघं नांदेडला गेलो. बक्षिसावरून कशी घासाघीस करायची ते मी वाटेत ठरवलं होतं. चाचांनी काही मागितलंच नाही. उलट चहा पाजला, डबड्यातलं सिमही काढून अप्पांच्या फोनमध्ये घालून दिलं. एवढ्या लांब येऊन भांडायला माणूस मिळू नये, याचा मला फार राग आला.

मग मी फोन उलटा केला. नाव, गाव, नंबर, आणि खाली बारीक टिंबांत, "लेक मंगल हिच्याकडून". माझं डोकंच फिरलं.

"लेक माझी हाय, अप्पा. तुमची सून."

"मशीनवाला बी हेच म्हणला," अप्पा चष्मा पुसत म्हणाले. "म्हणलं, तू लेकच लिही. मला दुसरी हाय का कुठं?"

परतीच्या गाडीत फोन माझ्याकडं सांभाळायला देऊन अप्पा झोपले, आणि तो वाजला. उचलताच मंगल म्हणाली, "अप्पा, जेवलात का?"

माझा फोन माझ्या खिशात होता. तो दिवसभर वाजला नव्हता.

"मी बोलतोय."

"बाबा? अप्पांचा फोन तुमच्याकडं कसा?"

सगळं सांगून टाकायला याहून चांगली वेळ नव्हती. शेजारी अप्पांचं डोकं खिडकीवर आपटत होतं.

"बघायला घेतला," मी म्हणालो. "चांगला आणलास."

मग ती म्हणाली, "तुम्ही जेवलात का, बाबा?"

मी हो म्हणालो. सकाळपासून पोटात चाचांच्या चहाशिवाय काही नव्हतं.