स्टेटसवरचा बदाम

पलूसच्या बाजारपेठेत गाद्या भरणारे इलियास पिंजारी म्हणजे त्यांच्या भाऊबंदांचं वर्तमानपत्र. पूर्वी कुणी वारलं की तेच सायकलवरून नाहीतर एसटीनं गावोगाव सांगावा नेत. पुढं भाऊबंद पुण्याला, महाबळेश्वरला, थेट शारजापर्यंत पांगले आणि इलियासभाई मोबाइलवर स्टेटस ठेवू लागले. कुणाचं लग्न ठरलं, कुणाला मुलगी झाली, कुणाचं ऑपरेशन निघालं. कुणी कुणी बघितलं त्यांची नावं खाली येत. ती वाचताना सगळे दुकानाच्या फळीवर येऊन बसलेत असं त्यांना वाटे.

गेल्या मार्चमध्ये त्यांचा धाकटा भाऊ अजमल पहाटे छातीत कळ येऊन गेला. थोरली बहीण आबेदा, सगळ्यांची आपा, कोयनानगरला. त्यांच्यात बायका कब्रस्तानात जात नाहीत. तोंड बघायचं ते घरीच, जनाजा उचलण्याआधी. म्हणून तिच्यासाठी माती असरच्या, म्हणजे दुपार कलल्यावरच्या, नमाजानंतर ठेवली.

अजमलचा चांगला फोटो एकच होता, पुतणीच्या लग्नातला, गळ्यात हार घातलेला. इलियासभाईंनी त्याला फुलांची चौकट लावली, खाली दोन ओळी लिहिल्या आणि स्टेटस ठेवलं. थोड्या वेळात आपाचं नाव दिसलं. नावापुढं हिरवा बदाम.

"आपाला फोन केला का?" शेजारच्या दादासोंनी विचारलं.

"बघितलंय तिनं. बदाम दाबलाय. निघाली असंल."

"तरी बोलून घे की गड्या. घाटाची वाट हाय."

"गाडीत रडत बसली असंल ती. काय बोलू?"

असर झाली, आपा आली नव्हती. माणसं आणखी थोडी थांबली. मग जनाजा उचलला.

संध्याकाळी आपाचाच फोन आला. "इल्या, अजमल्याचा फोटो लय झ्याक रं! हार-बिर घालून नवरदेव दिसतोय. ह्या वयात वाढदिवस करतोय व्हय त्यो? दे त्याला, त्याचा फोन लागंना."

आपाला वाचता येत नव्हतं. वाचून दाखवणारी नात शिफा कराडला कॉलेजात होती. फुलांच्या चौकटीत हसणारी माणसं आपानं आजवर वाढदिवसालाच बघितली होती.

इलियासभाईंनी सांगितलं.

दुसऱ्या दिवशी आपा आली. भांडली नाही. अजमलची खाट उभी करून भिंतीला लावली होती, तिच्याशेजारी बसली.

"मला एक फोन न्हाई करायचास?" ती म्हणाली. मग थोड्या वेळानं, "तोंड कसं हुतं रं त्याचं?"

इलियासभाई सांगायला गेले आणि अडले. दिवसभर ते भावाच्या उशाशीच बसून होते. पण नजर मोबाइलवर होती, कोण कोण बघतंय याच्यावर.

"शांत हुतं," ते म्हणाले.

मयताबद्दल सगळे हेच सांगतात.